मुलांना रानात न्या, शिकारीला नको

दिल्ली गेटजवळ, हिमायतबागेसमोरचे सलीम अली सरोवर कुठे आहे हे छत्रपती संभाजीनगरकरांना सांगावे लागत नाही. जुनी माणसे त्याला खिजरी तलाव म्हणत. सकाळी फिरायला येणारे, काठाशी थांबून पाणकोंबड्या मोजणारी पोरे, हिवाळ्यात कॅमेरे घेऊन येणारे पक्षीमित्र, सगळ्यांच्या तोंडी आता नवे नाव रुळले आहे. ज्या माणसाचे नाव या तळ्याला दिले, त्याची पक्ष्यांशी पहिली ओळख मात्र छऱ्याच्या बंदुकीतून झाली होती.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील फार लवकर गेले. खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. मामांना शिकारीचा शौक होता. घरात शिकारीच्या गप्पा, शिकारीची पुस्तके आणि पोरांमध्ये नेमबाजीच्या चढाओढी चालत. या चढाओढीतला एक दूरचा नातलग नेमबाजीत चांगलाच तरबेज होता, त्याचे नाव इस्कंदर मिर्झा. पुढे तो पाकिस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. लहानग्या सलीमकडे खेळण्यातली हवेची बंदूक होती आणि तिचे लक्ष्य म्हणजे चिमण्या. एकदा त्याने एकाच घरट्यापाशी सात दिवसांत आठ चिमणे टिपले. नर मेला की मादी लगेच दुसरा नर मिळवते, असे त्याने टिपूनही ठेवले. पोर दहा वर्षांच्या आसपासचे होते.

मग एक दिवस वेगळीच चिमणी पडली. गळ्यावर पिवळा डाग. सलीम ती घेऊन मामांकडे गेला. मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी भाच्याला ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी’कडे पाठवले. तिथले सचिव मिलार्ड यांनी रानचिमणी ओळखून दाखवली, पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह पोरासमोर उघडला आणि वाचायला पुस्तके दिली. १९८५ साली सलीम अलींचे आत्मचरित्र आले तेव्हा त्याचे नावच होते ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’.

हा किस्सा शाळेच्या पुस्तकात गोड वाटतो. पण शिकारीला पोरे सोबत नेणाऱ्यांच्या तोंडीही तो सापडतो. “अहो, सलीम अलींनीसुद्धा चिमण्याच मारल्या होत्या की!” युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. म्हणून तो जरा उलगडून पाहिला पाहिजे.

आपल्याकडे आता शिकार म्हटले की राजेरजवाड्यांचे फोटो आठवतात आणि विषय संपला असे वाटते. तो संपलेला नाही. सुट्टीत गावाकडे गेलेल्या पोराला काका किंवा मोठा चुलतभाऊ “चल, तुला गंमत दाखवतो” म्हणून रात्री गाडीवर बसवतो. माळावर बॅटरीचा झोत फिरतो, उजेडाने दिपलेला ससा जागीच थांबतो आणि पुढचे काम दोन मिनिटांचे असते. कुठे तितरांसाठी फासे लावायला पहाटे जायचे असते, कुठे नदीकाठी पाणकोंबड्यांवर छर्रे उडवायचे असतात. पकडापकडीच्या बातम्या अधूनमधून येतात, पण त्यात सोबत नेलेल्या लहान मुलांचा उल्लेख नसतो. ती आरोपी नसतात, साक्षीदारही नसतात. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर या सगळ्यात सर्वाधिक नुकसान ज्यांचे होऊ शकते, ती मात्र तीच असतात.

आधी शरीराचे पाहू. बंदुकीच्या बाराचा आवाज नळीजवळ साधारण १४० ते १७० डेसिबलपर्यंत जातो. क्षणभराच्या अशा आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना १४० आणि मुलांना १२० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. म्हणजे बापाच्या कानाला जो बार जेमतेम सोसेल, तो शेजारी बसलेल्या सहा वर्षांच्या पोराच्या कानाला सोसणारा नसतो. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. आपल्याकडच्या चोरट्या शिकारीत कानाला संरक्षण लावण्याचा प्रश्नच येत नाही, उलट कान टवकारूनच बसायचे असते. ठासणीच्या गावठी बंदुकीचे तर आणखी वेगळे. ती समोर उडेल की हातात, याची खात्री बनवणाऱ्यालाही नसते.

छऱ्याच्या बंदुकीला लोक खेळणे समजतात. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी ताकद असेल तर तिला परवाना लागत नाही, त्यामुळे हा समज पक्का होतो. पण छर्रा दगडावर किंवा खोडावर आपटून उलटा फिरतो, आणि शेजारी उभ्या पोराचा डोळा त्याच उंचीवर असतो. छर्रा डोळ्यात घुसला की दृष्टी वाचवणे नेत्रतज्ज्ञांच्या हातात फार थोडे राहते. रानडुकरांसाठी काही जण चरबी किंवा पिठात गुंडाळून स्फोटकांचे गोळे टाकतात, त्यांना ‘गावठी बॉम्ब’ म्हणतात. तो गोळा डुकराच्या तोंडी जाईल असा टाकणाऱ्याचा हिशेब असतो. बांधावरून चालणाऱ्या मुलाला तो पडलेला चेंडू वाटू शकतो.

शिसे हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. बहुतेक छर्रे शिशाचे असतात. शिसे मऊ, त्यामुळे हाडाला लागले की त्याचे बारीक कण होतात आणि ते जखमेपासून दूर, मांसात पसरतात. छर्रा काढून टाकला, मटण स्वच्छ धुतले, की झाले असे घरात सगळ्यांना वाटते. डोळ्यांना न दिसणारे कण तसेच राहतात. अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यात २००८ साली शिकारीच्या मांसात असे कण आढळल्यावर गरिबांसाठी दान आलेले हरणाचे मांस फेकून द्यायला सांगितले गेले. त्यानंतर तिथल्या ७३८ लोकांचे रक्त तपासले, तेव्हा शिकारीचे मांस खाणाऱ्यांमध्ये शिशाचे प्रमाण थोडे जास्त निघाले. थोडेच, हे खरे. पण शिशाच्या बाबतीत ‘एवढे चालते’ अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेला सापडलेली नाही, आणि पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुले प्रौढांच्या चार ते पाच पट शोषून घेऊ शकतात. ते मेंदूच्या वाढीवर बेतते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात सुमारे २७ कोटी ५० लाख मुलांच्या रक्तात शिशाची पातळी काळजी करावी इतकी आहे. त्यामागे जुन्या बॅटऱ्या, भेसळीची हळद, रंग अशी मोठी कारणे आहेत, शिकारीचा त्यातला वाटा किरकोळ. तरीही ज्या पोराच्या ताटात आधीच नकळत शिसे येते आहे, त्याला आणखी एक चमचा हौसेने कशाला वाढायचे?

शरीराचे धोके निदान मोजता तरी येतात. मनाचे मोजायला अवघड, म्हणून त्याबद्दल एकतर अतिशयोक्ती होते किंवा मौन. शिकार पाहिलेले मूल पुढे क्रूर होते असे म्हणायला ठोस पुरावा नाही आणि तसे म्हणूही नये. कोंबडी कापताना पाहून मोठी झालेली असंख्य माणसे मुंगीलाही न दुखावणारी असतात. प्रश्न जास्त बारीक आहे.

मरण म्हणजे काय, हे लहान मूल जन्मतः जाणत नाही. मारिया नागी या संशोधिकेने १९४८ साली बुडापेस्टमधल्या तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांच्या बोलण्याचा आणि चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत लहान मुलांना मरण म्हणजे झोप किंवा दूरचा प्रवास वाटत होता. मेलेला परत येत नाही, हे हळूहळू उमगत जाते. नंतरच्या अभ्यासांत हे वय बरेच अलीकडे, पाच ते सात वर्षांपर्यंत आले, पण टप्पे साधारण तेच राहिले. चार वर्षांच्या पोरासमोर ससा तडफडतो तेव्हा ते पोर ‘मृत्यू’ पाहत नसते. ते गोंधळ पाहत असते. आणि गोंधळलेले मूल काय करते? ते शेजारच्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे पाहते.

यावर १९८५ सालचा एक सुंदर प्रयोग आहे. वर्षभराच्या बाळांना काचेच्या पृष्ठभागावर सोडले. काचेखाली एका ठिकाणी खोल पायरी असल्यासारखे दिसत होते. पलीकडे आई उभी. आईने हसरा चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळे ती ‘दरी’ रांगत पार करून गेली. आईने भेदरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही. दरी तीच, काच तीच. बाळांनी खोली डोळ्यांनी पाहिली आणि तिचा अर्थ आईच्या चेहऱ्यावर वाचला.

आता तो माळ, तो ससा आणि तो बाप डोळ्यांसमोर आणा. बाप हसतो, शाबासकी देतो, मोबाइलवर फोटो काढतो, पोराच्या हातात कान धरून ससा देतो. पोराला त्या क्षणी जो अर्थ मिळतो तो सशाकडून मिळालेला नसतो. पुढच्या वाक्यात तर त्याला आणखी एक धडा मिळतो, “शाळेत कुणाला सांगायचं नाही हं.”

इथेच आपल्याकडची परिस्थिती परदेशातल्या चर्चेपेक्षा वेगळी होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २०१७ साली शिकारीसाठीची किमान वयाची अट काढून टाकली, तेव्हा तिथे वाद झाला तो सुरक्षिततेचा आणि परंपरेचा. कृती कायदेशीरच होती. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याने चालणारी हौसेची शिकारही संपवली. या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणे नाही. जाळे लावणे, आमिष टाकणे, हाकून नेणे, तसा नुसता प्रयत्न करणे, पक्ष्याची अंडी किंवा घरटे मोडणे, हे सगळे त्यात येते. साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोर किंवा चिंकारा असेल तर शिक्षा आणखी कडक. सोबत नेलेल्या मुलाला यातले काही कळत नाही. त्याला एवढेच कळते की बाबांनी केले ते भारी होते आणि ते लपवायचे असते. शाळेत ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवताना बाई सांगतात, मोठ्या माणसाने गुपित ठेवायला सांगितले तर ते घरी सांगा. इथे गुपित घरच्याच माणसाचे असते. मुलांच्या सुरक्षेसाठी झटणाऱ्या कुणालाही हे खटकायला हवे.

बचावाला आणखी एक मुद्दा येतो. माणूस लाखो वर्षे शिकारीच होता, पोरे आईबापांबरोबर रानातच वाढली, मग आताच काय बिघडले? मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मध्य आफ्रिकेतले आका लोक जाळी लावून शिकार करतात तेव्हा बायामाणसे, पोरेबाळे सगळेच सोबत निघतात. बॅरी ह्यूलेट या अभ्यासकाने नोंदवले की आका बाप दिवसाचा जवळपास निम्मा वेळ आपल्या तान्ह्या मुलाच्या हाताच्या अंतरावर असतो. फिलिपीन्समधल्या आग्टा बायका अंगावरची पोरे पाठीशी बांधून कुत्र्यांसह शिकारीला जात. म्हणजे लहान मुलांना शिकारीला नेणे ही माणसाची जुनी रीत आहे, यात शंका नाही.

पण त्या रीतीत नेमके काय शिकवले जाई? २०२० साली जगभरातल्या ४० ठिकाणच्या १,८०० हून अधिक शिकाऱ्यांच्या २३ हजारांवर नोंदी एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शिकारीचे कौशल्य सरासरी तिशी ते पस्तिशीच्या दरम्यान शिखरावर पोहोचते असे त्यात दिसले. विशीतल्या धडधाकट पोरापेक्षा पस्तिशीचा माणूस चांगला शिकारी, कारण शिकारीत ताकदीपेक्षा ज्ञान जास्त लागते. माग काढणे, वारा ओळखणे, प्राण्याची सवय जाणणे यात अर्धे आयुष्य जाते. अशा समाजांतले लहान मूल वर्षानुवर्षे पाहत असते, ऐकत असते, खेळत असते, कंदमुळे गोळा करत असते. सहा वर्षांच्या पोराच्या हाती हत्यार देऊन त्याचा फोटो काढणे ही पूर्वजांची परंपरा नाही, ती मोबाइल आल्यानंतरची आहे. आणि आका बापाला रात्री पोट भरायचे असते. शहरातून चारचाकी काढून माळावर गेलेल्या बापाच्या घरी फ्रिज भरलेला असतो.

मराठवाड्यात ही जुनी विद्या ज्यांच्याकडे होती, त्यांच्या वाट्याला काय आले हेही पाहायला हवे. फासेपारधी समाजाचे नावच फाश्यांवरून पडले. तितर-लावे फाश्यात धरणे, नुसत्या आवाजाने पक्षी जवळ बोलावणे, गवतातल्या खुणांवरून जनावर कोणत्या दिशेने गेले ते सांगणे, हे सगळे पोरांना लहानपणापासून कळत असे. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो शिक्का कागदावरून गेला, लोकांच्या नजरेतून अजून गेलेला नाही. हौसेने ससा मारणाऱ्या शहरी माणसाच्या पोराला ‘साहसी’ म्हणायचे आणि पारध्याच्या पोराकडे संशयाने पाहायचे, हा दुटप्पीपणा या विषयात उघडा पडतो. उलट, त्या विद्येतून हत्या वजा करता येते हे याच समाजाने दाखवले आहे. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊन माळराने आणि तणमोर राखण्याचे काम करते. मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलात पारधी वाटाडे पर्यटकांना पायी फिरवून माग, आवाज आणि खुणा दाखवतात. ज्ञान तेच आहे, पोरे तेच शिकतात. फक्त शेवटी काही मरत नाही.

शेतकऱ्याची बाजू वेगळी आहे, तिला या रांगेत बसवणे अन्याय होईल. कन्नड-सोयगावकडच्या शेतकऱ्याला रानडुक्कर आणि रोही म्हणजे हौस नाही, तो मक्याचा आणि तुरीचा हिशेब आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या या दोन प्राण्यांबाबत वन विभागाच्या परवानगीची तरतूद आहे, भरपाईचीही आहे. ती वेळेवर मिळते का, हा स्वतंत्र आणि रास्त भांडणाचा विषय. पण शेतातच मुलांना सामील करून घेण्याची एक जुनी, फार शहाणी पद्धत होती. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवेच्या थवे उतरत. माळ्यावर उभे राहून पोरे गोफण फिरवत आणि आरोळ्या ठोकत. दगड पाखराला लागायचा नसे, पाखरू उठायला हवे एवढेच. पोराला राखणीची जबाबदारी मिळे, दिवसभर उघड्यावर राहणे होई, कोणता थवा कुठून येतो हे पाठ होई. आणि त्याच भोरड्या टोळ व नाकतोडे फस्त करतात, हेही घरातला एखादा म्हातारा सांगे. ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि कापूस आला, माळे गेले, त्याबरोबर पोरांचे हे कामही गेले.

आता शिकारीच्या बाजूने असलेला सर्वांत भक्कम पुरावा. तो दडवून ठेवणे बरे नव्हे. वेल्स आणि लेकीस या दोन अमेरिकी संशोधकांनी २००६ साली २,००० प्रौढांच्या मुलाखतींवरून एक अभ्यास मांडला. वयाच्या अकरा वर्षांच्या आत जी मुले ‘रानटी’ निसर्गात रमली होती, ती मोठेपणी निसर्गाची जास्त काळजी घेणारी निघाली. रानटी निसर्गात रमणे म्हणजे काय, याच्या यादीत रानात भटकणे, तंबू ठोकून राहणे होते, आणि शिकार व मासेमारीसुद्धा होती. बागेत फुले लावण्यापेक्षा रानातल्या अनुभवाचा परिणाम जास्त ठळक दिसला. वाचून गोंधळ व्हावा असा हा निष्कर्ष आहे. पण यादी नीट पाहिली तर शिकार हा तिच्यातला एक घटक आहे, आणि सगळ्या घटकांत समान काय आहे ते उघड दिसते. तासन्‌तास उघड्यावर असणे. लुईस चावला यांनी अमेरिकेतील केंटकी आणि नॉर्वेमधल्या ५६ पर्यावरण कार्यकर्त्यांना विचारले, तुम्ही या वाटेला कसे लागलात? उत्तरांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. लहानपणी निसर्गात घालवलेला भरपूर वेळ, आणि सोबत असलेले घरातले एखादे मोठे माणूस.

नुसत्या वेळेचेही महत्त्व कमी लेखू नये. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतल्या मुलांना रोज फक्त ४० मिनिटे जास्त बाहेर सोडले. तीन वर्षांनी या मुलांत नव्याने जवळचा चष्मा लागण्याचे प्रमाण ३०.४ टक्के होते, बाकीच्यांत ३९.५ टक्के. कुठले औषध नाही, थेंब नाहीत, फक्त दिवसाउजेडी बाहेर असणे. सिडको-गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये शाळा, शिकवणी आणि मोबाइल यांत वाटला गेलेला पोराचा दिवस मोजला तर ही ४० मिनिटे सापडणे कठीण आहे. शिकारीला नेणारा बाप निदान पोराला बाहेर तरी नेतो. न नेणारे बहुतेक बाप पोराला कुठेच नेत नाहीत. टीका करताना ही दुसरी बाजूही कबूल केली पाहिजे.

सलीम अलींच्या किश्श्याकडे आता परत येता येईल. त्या गोष्टीत तीन गोष्टी होत्या. बंदूक, मोकळा वेळ आणि मामा. नुसत्या बंदुकीने माणूस घडत असता तर त्या घरातली सगळीच पोरे पक्षिशास्त्रज्ञ व्हायला हवी होती. इस्कंदर मिर्झांचा नेम तर जास्त चांगला होता. सलीमच्या बाबतीत फरक पडला तो मेलेली चिमणी मामांसमोर आली त्या क्षणी. मामांनी “वा, काय नेम आहे!” म्हणून विषय संपवला असता तर तो तिथेच संपला असता. “मला माहीत नाही, जा, जाणकाराला विचारून ये” असे सांगणारे मोठे माणूस त्या पोराला मिळाले. पोराने त्या चेहऱ्यावर कुतूहल वाचले. शिवाय त्या काळी पक्षी ओळखायला हाती हवा असे, म्हणून मोठमोठे शास्त्रज्ञही पक्षी मारून त्यांचा संग्रह करत. आज त्याच कामाला दुर्बीण आहे, मोबाइलमधला कॅमेरा आहे, आवाजावरून पक्षी ओळखणारी ॲप आहेत. बंदुकीची ती एकमेव सबबही उरलेली नाही.

अरुणाचल प्रदेशात पक्ष्यांवर हवेच्या बंदुका चालवणे ही घरोघरची गोष्ट होती. २०२१ च्या मार्चमध्ये तिथे ‘एअरगन सरेंडर अभियान’ सुरू झाले आणि लोकांनी आपणहून २ हजारांहून अधिक बंदुका जमा केल्या. पोलिसांनी घरे झडतीला घेतली नव्हती. आपल्याकडे असे काही करायचे तर बंदुकांच्या बरोबरीने दुसरी सोयही द्यावी लागेल. जिल्ह्यात जागांची वाण नाही. गौताळा औट्रमघाट अभयारण्य २६० चौरस किलोमीटरचे आहे, पैठणला नाथसागर आहे, शहराला लागून सातारा-देवळाईचे डोंगर आहेत. शाळांच्या सहली मात्र अजूनही वॉटर पार्क आणि किल्ल्याच्या दारातल्या सामूहिक फोटोपुरत्या राहतात. वर्षातून चार पहाटा, पंधरा मुले, एक जाणकार आणि दोन दुर्बिणी, एवढ्यावर जे होईल ते एका प्रकल्पवहीने होत नाही. जाणकार शोधायला फार लांब जायलाही नको. पारधी वस्तीवरचा एखादा आजोबा शाळेच्या सहलीचा मानधन घेणारा मार्गदर्शक का असू नये?

आणि ज्या काकांना पुतण्याला माळावर न्यायचेच आहे, त्यांनी जरूर न्यावे. तीच पहाट, तोच माळ, तीच पावले न वाजवता चालण्याची गंमत. सशाची लेंडी कशी ओळखायची, तितर कुठल्या झुडपातून ओरडतो, मुंगसाचा माग कुत्र्याच्या मागापेक्षा वेगळा कसा, हे त्यांना आजही पुस्तकवाल्यांपेक्षा चांगले येते. फक्त गाडीच्या डिकीत छर्रे नकोत. घरी परतल्यावर पोराला सगळे सगळ्यांना सांगता आले पाहिजे.

सलीम अलींनी पाडलेल्या त्या चिमणीची जात मराठवाड्यातही राहते. जुन्या झाडांच्या ढोलीत ती घरटे करते. घरातल्या चिमणीपेक्षा सडपातळ, खांद्यावर तांबूस पट्टा, विणीच्या दिवसांत नराची चोच काळी पडते. गळ्यावरचा पिवळा डाग लांबून दिसत नाही. त्यासाठी झाडाखाली बराच वेळ गप्प उभे राहावे लागते, आणि नवशिक्या पोराला तर नेमके कुठे पाहायचे ते शेजारी उभ्या कुणीतरी बोटाने दाखवावे लागते.